दिलीपनं सेव्ह केलेली ठिकाणं

चार रविवार एकत्र मासे धरायला गेलं, की मासे मिळोत न मिळोत, किस्से मात्र साठत जातात. आमच्यात दोन हजार सालानंतर जीपीएस आला आणि ते दुप्पट झाले.

दिलीपचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. केसाएवढा फरक पडला तरी घडवलेला जॉब बाजूला टाकणारा माणूस. मेव्हण्यानं त्याला दुबईहून हातात मावणारा जीपीएस आणून दिला. पहिल्याच रविवारी धरणावरच्या रामूअण्णा नावाड्याच्या नावेतून गळ टाकले, तीन कटले लागले. दिलीपनं घाईघाईनं मशीन चालू करून जागा सेव्ह केली.

पुढच्या रविवारी नाव काठाला टेकली तरी मशीनवरचा बाण पुढंच, काठावरच्या उसाकडं! सॅटेलाइट सापडायच्या आधीच यानं बटण दाबलं होतं. अण्णांनी वल्हं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "जाऊन या तुम्ही. मी हाय हितं."

*

मग दिलीप सावध झाला. दिवाळीत एक जागा नीट वेळ देऊन सेव्ह केली. मे महिन्यात बघतो तर पाणी पार आत गेलेलं. आम्ही चिखल तुडवत मशीनमागं निघालो. ते वाजलं तिथं एक म्हैस निवांत बसली होती. मी हसलो. दिलीपला लागलं.

"जागा बरोबर हाय," तो म्हणाला. "पाणीच न्हाय."

*

अण्णांचं गणित वेगळं. काठावरच्या देवळाचा कळस आणि मागची खिंड एका रेषेत आली, की खाली बुडालेला खडक, तिथं मासा. तोच खडक दिलीपनं सेव्ह केला होता, पण मशीन तो पंधरा पावलं पलीकडं दाखवायचं. एकदा दोरीला दगड बांधून बघितलं. अण्णांच्या जागी दगड लगेच टेकला, दिलीपच्या जागी सगळी दोरी संपली.

परत येताना दिलीपनं कोल्हापूरपर्यंत मशीनचं माहितीपुस्तक वाचून काढलं. पुढच्या खेपेला त्यानं अण्णांनाच नाव खडकावर धरून ठेवायला सांगितलं. जागा पुन्हापुन्हा मोजून सरासरी काढायला मशीनला दहा मिनिटं लागायची. सत्तरीचे अण्णा वाऱ्यात वल्हं मारत तेवढा वेळ थांबले. दिलीपनं त्या पॉइंटला नाव दिलं 'अण्णा'.

*

एका उन्हाळ्यात अण्णांनी चाचरत विचारलं, की माशाची नसलेली जागा सेव्ह होते का. त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं. त्या वर्षी पाणी इतकं उतरलं, की घराचा उंबरा उघडा पडला होता. दिलीप त्या उंबऱ्यावर मशीन ठेवून अर्धा तास उन्हात बसला.

श्रावणात धरण भरलं, तेव्हा अण्णांनी गडमुडशिंगीहून थोरल्या बहिणीला, अक्कांना, आणलं. गाव बुडालं तेव्हा अक्का सासरी होत्या. माहेरचं घर शेवटचं बघायचं राहून गेलं होतं.

नाव उंबऱ्याच्या जागी पोचली, मशीन वाजलं. अण्णांनी वल्हं वर घेतलं. चहूकडं नुसतं पाणी. अक्कांनी सगळीकडं नजर फिरवली, मग दिलीपला विचारलं, की हीच जागा कशावरनं.

दिलीपला खोटं बोलवेना. "धा-पंधरा हात हिकडं-तिकडं असंल, अक्का."

"मग अंगणात तरी आलोय की," अक्का म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.