शिंदे वहिनींच्या चामखिळी

एका जिन्यावर दोन मराठी बायका राहायला आल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. जयपूरच्या मिलिटरी क्वार्टर्समध्ये खाली मी नाशिकची, वर शिंदे वहिनी साताऱ्याच्या. त्यांचे मिस्टर, म्हणजे शिंदे भाऊजी, तिकडे बर्फात पोस्टिंगला. त्यात वहिनींच्या उजव्या हाताला चामखिळी. मग काय विचारता!

*

स्किनच्या डॉक्टरांनी ब्रशवाली छोटी बाटली दिली. "रोज शाम को गुनगुने पानी में हाथ डुबोना, हल्के से घिसना, फिर बूँदभर दवाई. दो-तीन महीने धीरज रखना पड़ेगा."

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसाहब, फौजी की बीवी को धीरज मत सिखाओ. वो तो हमको राशन में मिलता है!"

डॉक्टर खूप हसले. वहिनी हसल्या नाहीत.

*

औषध सुकेपर्यंत वहिनी जिन्यात बोटं पसरून बसायच्या आणि मी सोबतीला. शेजारच्या भाभीजींनी एकदा वाकून पाहिलं. "नेलपॉलिश? कलर तो दिखता ही नहीं!"

वहिनी म्हणाल्या, "मराठी कलर है भाभीजी. दिखता नहीं, जलता है!"

*

भाऊजींची सुट्टी मंजूर झाली, तशा आम्ही दोघी चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, लाखेच्या बांगड्या घ्यायला गेलो. दुकानदार मापासाठी हात मागतोय आणि वहिनी हात पदराखालून काढेनात.

"नाप कैसे लूँ, भाभीजी?"

वहिनींनी सरळ माझा हात पुढे केला! बांगड्या माझ्या मापाच्या झाल्या, त्या अजून मीच घालते.

परतताना ई-रिक्षात मी चिडवलं, तर त्यांचे डोळे भरून आले. "इतक्या म्हैन्यांनी हे माझा हात धरनार. आन् हाताला लागनार काय? खडे!"

माझे हे रोज संध्याकाळी घरी येतात आणि मी त्यांच्या हातात भाजीची पिशवी देते.

*

मग वहिनींना घाई झाली. बूँदभर औषध त्यांनी सकाळ-संध्याकाळ थापायला सुरुवात केली. चामखिळी राहिल्या बाजूला, आजूबाजूची चांगली कातडी सोलली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जखम भरेपर्यंत औषध बंद!

"सुट्टीच्या आत भरंल का वो?" वहिनी मला विचारत होत्या, डॉक्टर समोर असताना!

जखम भरली, औषध पुन्हा सुरू झालं, या वेळी मापात. व्हॅसलीन कडेला, थेंब मध्ये. एकेक चामखीळ झडत गेली. आणि हात स्वच्छ होत आला तशी भाऊजींची सुट्टी रद्द झाली.

त्या दिवशी वहिनी भाकरी थापता थापता थांबल्या. "हात झाला साफ. आता बगनारा कुटाय?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. फार वाईट वाटलं.

*

पुढे एकदा संध्याकाळी, किती दिवसांनी, भाऊजींचा व्हिडिओ कॉल लागला. अंगठ्यावरची शेवटची चामखीळ उरली होती, तिच्यावरचं औषध ओलं, म्हणून फोन मी धरला. वहिनींनी आधी तोंड दाखवायचं सोडून हातच पुढे केला.

"बगा, समद्या गेल्या! योकच ऱ्हायलीया."

भाऊजींनी हातमोजा काढला आणि आपलं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर दोन चामखिळी!

"अगं बाई! डॉक्टर म्हनले हुते, हाताला हात लागून बी येतात. मागच्या सुट्टीत माझ्याच लागल्या बगा तुमास्नी! तितं औशद न्हाई मिळत?"

"मिळालंया की. बाटली हाय उशाला."

"मग लावत का न्हाई?"

भाऊजी काही बोलेनात. चित्र अडकलं असं वाटून मी फोन हलवला. अडकलं नव्हतं, ते वहिनींच्या हाताकडे बघत होते.

"तुज्याकडनं आल्यात," ते म्हणाले. "ऱ्हाऊ देत."