जुना स्कॅन सापडत नाही

सोलापुरात स्कॅनची सेंटरं चालवणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. मुख्य सेंटर शहरात, शाखा सांगोल्यात आणि अक्कलकोटला. तिन्हीकडच्या पेशंटच्या स्कॅनची चित्रं आमच्याकडच्या एकाच सर्व्हरवर येऊन साठतात. रोज सकाळी आल्यावर बॅकअपच्या स्क्रीनवर हिरवी खूण आहे का ते बघायचं आणि वहीत सही करायची, हे माझं पहिलं काम. दोन वर्षं मी ती सही केली. एकदाही खूण लाल नव्हती.

सर्व्हरची खोली पूर्वी अडगळीची होती. तिच्या बाहेरच्या कोपऱ्यात येणारे-जाणारे गुटखा थुंकायचे आणि आत वायरींमधून उंदीर फिरायचे. दार उघडलं की दोन्ही वास एकदम नाकात शिरायचे. मे महिन्यात एका रविवारी तिथला एसी बंद पडला. सोमवारी मी गेलो तेव्हा आतली हवा भट्टीसारखी होती आणि ज्या डिस्कवर चित्रं होती त्या दोन्ही जळाल्या होत्या. मी फारसा घाबरलो नाही. आपल्याकडे बॅकअप आहे, असं स्वतःच मॅनेजरला सांगितलं. नवीन डिस्क बसवून बॅकअप परत आणायला लावला. पेशंटची नावं आली, तारखा आल्या, कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं तेही आलं. चित्रं मात्र एकही आलं नाही. कुठल्याही नावावर क्लिक केलं की काळा चौकोन.

कारण शोधायला मला पूर्ण दिवस लागला. दोन वर्षांपूर्वी जागा अपुरी पडली म्हणून चित्रांसाठी वेगळ्या डिस्क मीच बसवल्या होत्या. बॅकअपच्या यादीत त्या घालायच्या राहिल्या. सॉफ्टवेअर रोज फक्त नावांची कॉपी करत होतं आणि काम झालं म्हणून हिरवी खूण देत होतं. त्यातून एखादी फाइल परत काढून बघावी, असं मला या दोन वर्षांत कधी वाटलं नाही. ते सॉफ्टवेअर विकणाऱ्यानंही कधी सुचवलं नाही. त्यानं आम्हाला त्यांच्या कंपनीचं नाव छापलेल्या बॅगा मात्र वाटल्या होत्या. मी माझा डबा त्यातल्याच एका बॅगेतून आणायचो.

मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. कुणी जुना स्कॅन मागितलाच तर नियमाप्रमाणे जुनी चित्रं काढून टाकली जातात, असं सांगायचं. असा नियम आमच्याकडे नव्हता. मी मान हलवली.

दहा-बारा दिवसांनी सांगोल्याकडचं एक जोडपं आलं. दोघं पन्नाशीच्या आसपासचे, घरची मेंढरं. बाईंच्या लिव्हरमध्ये दोन वर्षांपूर्वी एक लहान गाठ दिसली होती. आता पोट दुखतं म्हणून पुन्हा स्कॅन केला, तर गाठ होतीच. आमच्या डॉक्टरांना जुना स्कॅन शेजारी लावून बघायचा होता. गाठ तेवढीच असेल तर काळजी नाही. वाढली असेल तर सुई घालून तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. जुन्या कागदावर नुसतं ‘लहान गाठ’ असं लिहिलेलं होतं, माप नव्हतं. जुना स्कॅन मिळत नाही म्हटल्यावर रिसेप्शनवरच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

त्या माणसानं तो कागद चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. माझ्यापुढे धरून म्हणाला, “साहेब, तवा तुमच्याच मानसानं सांगितलं हुतं की, कागद हारवला तरी चालंल, फोटू मशिनीत कायम ऱ्हातंय.”

मी त्याला नियम सांगितला. जुनी चित्रं काढून टाकतात, असं अगदी शांत, सरकारी आवाजात. त्याची बायको बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. दोघांपैकी कुणी वाद घातला नाही. नियम म्हटल्यावर त्यांनी तो पाऊस किंवा ऊन मान्य करावं तसा मान्य केला, आणि मला माझ्या तोंडाची शिसारी आली. खरंच सांगतो, मी बाथरूममध्ये जाऊन चूळ भरली.

ते निघाले तसा मी त्यांच्या मागून गेलो. समोरच्या लिंबाखाली रिक्षाची वाट बघत उभे होते. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. नियम वगैरे काही नाही, मशीन जळालं, आणि ज्याची नक्कल ठेवायची ती मी ठेवली नव्हती.

त्या माणसानं विचारलं, “मंग आत का न्हाय सांगितलं?”

बाई म्हणाल्या, “सुई घालत्यात ते लई दुखतंय का?” ते मला ठाऊक नव्हतं. रिक्षा आली आणि ते गेले.

सुई घातली. निकाल यायला नऊ दिवस लागले आणि गाठ साधी निघाली. म्हणजे जुना स्कॅन असता तर बहुधा सुईची गरजच नव्हती. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही न बोलता जाणं त्यांना जमलं असतं तरी.

त्यानंतर नवीन सॉफ्टवेअर निवडायचं ठरलं. मॅनेजरच्या मनात एक विक्रेता आधीच होता, त्याच्या मेहुण्याचा मित्र. एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यानं पडद्यावर ढग, कुलपं आणि हसणारी माणसं दाखवली. आमचा डेटा शंभर टक्के सुरक्षित राहील, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की मी मोजायचं सोडलं. त्याच्या तोंडाला तंबाखूच्या माव्याचा वास होता आणि तो प्रत्येक वाक्याला माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. मी त्याला एवढंच म्हणालो की आमच्या सर्व्हरवरची एक फाइल घ्या, पुसा आणि माझ्यासमोर दुसऱ्या मशीनवर परत आणून दाखवा. तो हसला. त्याची एक पद्धत असते, ऑर्डरनंतर टीम येते, म्हणाला. जेवणानंतर त्यानं मनगटी घड्याळांची खोकी वाटली. मॅनेजरनं तिथंच उघडून घड्याळ हातात घातलं. मी माझं टेबलावर सोडून आलो, तर दुसऱ्या दिवशी ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं निघालं. मला ते हातात धरवेना. शिपायाकडून परत पाठवलं.

दुसऱ्या एका कंपनीनं पुण्याहून एक इंजिनिअर बाई पाठवल्या. मूळच्या इकडच्याच, सोलापूरजवळच्या वळसंगच्या. त्यांनी पडदा मागितला नाही. आधी विचारलं, “तुमच्याकडं काय काय कॉपी होत नाही, ते दाखवा.” दिवसभर सर्व्हरच्या खोलीत, त्या वासात, नाकाला रुमाल बांधून बसल्या. संध्याकाळी नव्या डिस्कवरच्या दोनशे स्कॅनची कॉपी घेऊन दुसऱ्या मशीनवर परत आणली. मी एकेक उघडून बघत गेलो. अकरा उघडले नाहीत.

मॅनेजर दारात उभा होता. म्हणाला, “नापास झाल्या की तुमच्या बाई.”

त्यांनी सारवासारव केली नाही. अकरा आले नाहीत असं कागदावर लिहून दिलं आणि कारण शोधून उद्या सांगते म्हणाल्या. कारण मिळालं. अक्कलकोटच्या शाखेतला ऑपरेटर काही पेशंटची नावं कन्नडमध्ये टाकायचा आणि फाइलचं नाव कन्नडमध्ये असलं की सॉफ्टवेअर ती गाळायचं. एक सेटिंग बदलल्यावर तेही आले. दोनशेच्या दोनशे.

आमच्या कंपनीचे मालकही डॉक्टरच. मी त्यांना पत्र लिहिलं. मे महिन्यात काय झालं, चूक कुणाची, सांगोल्याच्या बाईंना काय सोसावं लागलं, सगळं त्यात होतं. ज्या सॉफ्टवेअरची चूक आम्हाला आमच्या डोळ्यांनी दिसली तेच घ्यावं, दुसऱ्यावर मी सही करणार नाही, असंही लिहिलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. मालकांनी ते सॉफ्टवेअर घेतलं, सर्व्हर दुसऱ्या स्वच्छ खोलीत हलवला आणि माझ्या पत्राचं काय केलं ते कधी बोलले नाहीत. सांगोल्याला माफीचं पत्र पाठवावं, अशी मी त्यात विनंती केली होती. ते गेलं नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कुठलेही वीस स्कॅन परत काढतो आणि डॉक्टरांना उघडून बघायला लावतो. ते ठीक चाललंय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीला चांगल्या व्यवस्थापनाचं एक सन्मानचिन्ह मिळालं. स्टेजवर मॅनेजर बोलला. पेशंटची प्रत्येक नोंद आम्ही जिवापाड जपतो, पेशंटचा विश्वास हीच आमची ठेव, असं काहीबाही. हातात तेच घड्याळ होतं. टाळ्या झाल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो, शेजारी सगळे वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.