सासूबाईंनी गोळी का सोडली

अख्ख्या नागपुरात पेशींचं माहेरपण करणारी बाई एकच, आणि ती माझी नणंद. संधिवाताने सुजलेल्या सांध्यांच्या अस्तरातल्या पेशी ती प्रयोगशाळेत काचेच्या ताटल्यांत वाढवते आणि जास्तीचं लोह मिळालं की त्यांचा दाह वाढतो का, हे बघते. या पेशींना ठरल्या दिवशी ताजं अन्न लागतं. मग रविवार असो की कुणाचं लग्न. सावनेरला चुलतभावाच्या लग्नात अक्षता टाकून ही थेट बसस्टँडकडे निघाली. "जेवून तं जाय वं!" म्हणत मामी मागे धावल्या, तर म्हणते, "मामी, तिकडे सहा ताटल्या उपाशी हायेत." घरी कोथिंबिरीची सांबारवडी केली तरी एका घाण्यात तीळ जास्त, दुसरा नेहमीसारखा, तुलना केल्याशिवाय घास घेणार नाही. मी याद्या करणारी बाई, मला हे मनापासून पटतं.

गेल्या वर्षी जेवताना तिने सांगितलं, लोह घातलेल्या ताटलीत दाह वाढलेला दिसतोय. सासूबाईंचे गुडघे कित्येक वर्षं सुजलेले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गल्लीभर केलं, "माह्या लेकीनं शोधून काढलं, गुडघ्याले लोह बाधते!" शेजारच्या काकूंनी लोखंडी कढई माळ्यावर टाकली. सासूबाईंनी तर, रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच गुपचूप बंद केली. फ्रिजवरच्या माझ्या औषधांच्या यादीत मात्र त्या रोज बरोबरची खूण करत होत्या! तीन आठवड्यांनी त्या अंगणात चक्कर येऊन बसल्या, तेव्हा गोळ्या तूरडाळीच्या डब्यात सापडल्या.

नणंद धावत आली. काकू बसलेल्याच होत्या.

"आई, ताटलीतल्या पेशी म्हंजे तुहा गुडघा नाही. डॉक्टरले न विचारता काहून सोडली?"

"मंग तुहा शोध खोटा हाय का वं?" काकूंनी विचारलं.

"खोटा नाही, काकू. अर्धा हाय. पुढचं मले अजून माहीत नाही."

आपल्याच गल्लीत, आपल्याच कौतुकावर स्वतःच्या हाताने पाणी ओतायला छाती लागते. मला इतका अभिमान वाटला की यादी राहिली बाजूला. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. मग डॉक्टरांना फोन झाला, आणि त्यांनी सांगितल्यावर सासूबाईंनी सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली.

"घेतो बापा," पाण्याचा पेला खाली ठेवत त्या हळूच मला म्हणाल्या. "तिचं अर्धं पुरं होयेपर्यंत मी राहिली पाहिजे ना."