पान लागलं

ती घटना आजही आठवते. आठवली की आधी स्वतःचाच राग येतो आणि मग जीव भांड्यात पडतो. पुण्याहून अकोल्याला बदली होऊन जेमतेम महिना झाला होता. दुपारी ठाण्यात फोन आला: हिवरखेडचा एक भाजीवाला शेतकरी दवाखान्यात आणलाय, बायकोनं पानातून काहीतरी दिलंय. फोन करणारा जठारपेठेतला दुकानदार, तोही माझ्यासारखाच बाहेरून आलेला. दवाखान्याच्या दारात त्यानं त्या बायकोला रडताना ऐकलं होतं. खबर ऐकीव होती, पण मी उतावीळ. महिला शिपाई पाठवून बाईला ठाण्यात आणलं.

"पान कुणी लावलं?"

"कोन लावन साहेब? लागलं त्याईले."

"त्यात काय होतं?"

"मले जाऊ द्या ना, डॉक्टर इचारून राह्यले."

मी आवाज चढवला. तेवढ्यात आमचे जुने हवालदार कागद घेऊन आत आले आणि दारातच थबकले. "साहेब, पान लागलं म्हंजे साप चावला. आमच्या इकडे त्याचं नाव नाई घेत."

माझे कान तापले. जीप काढून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिचीच वाट पाहत होते, कारण साप नीट पाहिलेली ती एकटीच. "हात सुजतोय, रक्त अजून नीट गोठतंय," ते म्हणाले. "फुरसं असेल तर लस तयार ठेवायला हवी. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. बांबूत राहणाऱ्या हिरव्या चापड्यावर नाही, उलट रिअॅक्शनचा धोका. परदेशातली लस तिकडच्या हिरव्या सापांची. ती इथं मिळत नाही आणि मिळाली तरी लागू पडेलच असं नाही."

कारल्याच्या मांडवासाठी धारणीहून आणलेले बांबू उतरवताना नवऱ्याला डसलं होतं. डॉक्टरांनी मोबाईलवर चित्रं दाखवली. तिनं एकावर बोट ठेवलं.

"हाच. हिरवागार, तिरकोनी डोस्क्याचा."

चापडा. लस दिली नाही. रक्त गोठतंय का ते पुन्हा पुन्हा तपासत आणि सूज मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी जाण्याआधी दोघं जबाबावर सही करायला ठाण्यात आली. मी खुर्चीतून उठून माफी मागितली. चौकशी म्हणजे प्रश्न विचारणं, असं मी तोवर समजत होतो. समोरच्याचा शब्द आपल्याला कळलाय का, हे आधी स्वतःला विचारायचं असतं. तिनं ते माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

"साहेब, आता कोन्या बाईले आनलं तं आधी समजून घेजा, मंग वरडजा."