बाबांचा उघडाबोडका त्रिभुज प्रदेश

माझे सासरे जन्मभर माळी होते आणि म्हातारपणी त्यांना काम मिळालं ते काहीही उगवू न देण्याचं. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं.

बाबा विद्यापीठाच्या बागेत होते. गुडघे गेले तशी उकिडवं बसून खुरपणी होईना. आता घरी बसा, असं बागेच्या साहेबांनी सुचवलं, तेव्हा बाबांचा चेहरा असा पडला की आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलेना. घरी बसणं त्यांच्या स्वभावातच नाही. बाल्कनीतल्या कुंड्या उकरून झाल्या की ते सासूबाईंच्या फोडणीत लक्ष घालत, आणि मग दोघांचं जे जुंपे ते दुपारच्या झोपेपर्यंत चाले. अशात भूगर्भशास्त्र विभागातल्या एका बाईंना वाळूच्या टाकीवर उभ्यानं काम करणारा माणूस हवा होता. बाबांनी वाळू आणि पाणी एवढंच ऐकलं आणि होकार देऊन आले.

टाकी कमरेइतक्या उंचीची आणि जवळजवळ खोलीभर पसरलेली. एका टोकाला नळीतून पाणी आणि वाळू सोडायची, ती नदी. दुसऱ्या टोकाला पाणी साचवून ठेवलेलं, तो समुद्र. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ पसरून त्रिभुज प्रदेश होतो, तो बाईंना लहान प्रमाणात करून बघायचा होता. पण आजचा नाही. जमिनीवर झाड सोडाच, गवताची काडीसुद्धा जन्माला आली नव्हती, त्या काळातला. त्या वेळच्या गाळाचा कधीच दगड झालाय. जमिनीत खोल भोक पाडून काढलेला त्याचा एक दंडगोल बाईंच्या टेबलावर आडवा ठेवलेला असे. त्यातले थर तसेच का पडले, ते त्यांना ताज्या वाळूत तपासायचं होतं. म्हणून टाकीत एकही मूळ चालणार नव्हतं. मुळं वाळू धरून ठेवतात, नदीला काठ मिळतो, आणि मग ती नदी त्या काळातली राहत नाही.

"काका, तुम्ही फक्त काही उगवू देऊ नका," बाई म्हणाल्या होत्या.

बाबांनी मान डोलावली आणि पहिल्याच खेपेला घोळ घातला. टाकी भरताना नुसती वाळू त्यांच्या हाताला कशीशीच लागली. ज्या हातांनी आयुष्यभर रोपांचे वाफे केले, त्यांना कोरडी, निःसत्त्व वाळू बघवेना. बाबा म्हणतात, मला कळलंसुद्धा नाही, हात आपोआप गेला. गेला तो बागेतून आणलेल्या कुजलेल्या पाल्याच्या खताकडे. चांगलं ओंजळभर खत त्यांनी वाळूत कालवलं. थोड्याच दिवसांत आदिम नदीच्या काठी छानशी हिरवी लव आली आणि इकडेतिकडे धावायची ती नदी एका कोपऱ्यात शहाण्या मुलीसारखी गप्प वाहू लागली.

बाबांनी स्वतःहून सांगितलं, "बाई, हे माझ्या हातचं आहे."

बाई रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, की ही खोली दुसऱ्या विभागाला हवी आहे. अजून एकदा करून बघायला मिळेल. तेही फसलं तर टाकी मोडतील. टाकी मोडली की बाबा घरी, हे काही त्यांना सांगावं लागलं नाही. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, आणि सासूबाईंनी चक्क त्यांना टोमणा मारला नाही. मला तर त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या खेपेला बाबांनी कानाला खडा लावला. सगळी वाळू धुतली आणि प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये लोखंडी कढईत घाण्यावर घाणा भाजून काढली, एखादं बी चुकून राहिलंच असेल तर जळून जावं म्हणून. टाकीवर पातळ कापड ताणून बसवलं. बागेतल्या चपला दाराबाहेर. त्यांच्या कामाच्या शर्टाच्या खिशात कायम कसलं ना कसलं बी असायचंच. ते झटकून जाईना, तेव्हा सासूबाईंनी सुईदोरा घेतला आणि दोन्ही खिसे शिवून टाकले.

"आता चष्मा कुठे ठेवू?" बाबांनी विचारलं.

"नाकावर," सासूबाई म्हणाल्या. "तो तिथेच ठेवायचा असतो."

एकदा मी त्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा पहिल्यांदा ती नदी पाहिली. मी आपली गंमत म्हणून वाकले आणि तिथेच खिळून राहिले. पाण्याला एक अशी वाट नव्हतीच. दहा वाटा फुटत, पुन्हा मिसळत, मध्येच वाळूचा उंचवटा होई आणि बघता बघता वाहून जाई. सगळा प्रदेश उघडाबोडका, पसरट, आणि सारखा हलता.

"हिला थांबवणारं कुणी नाही ना," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आपण बागेत पाणी सोडलं की ते आपण सांगू तिकडे जातं. ही कुणाचं ऐकत नाही. मी तासन् तास बघतो. मला वाटायचं, झाडं नसतील तर बघायचं काय?"

त्यांच्या तोंडून हे ऐकून मला गंमतही वाटली आणि बरंही वाटलं. डबा मात्र तसाच राहिला. त्यांना दटावून मला तो समोर उघडावा लागला.

काही महिन्यांनी पाणी बंद केलं. वाळू आठवडाभर निथळू द्यायची आणि मग ती मधोमध उभी कापून थर बघायचे, असं ठरलं. कापायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, उद्या काही हिरवं दिसलंच तर हळूच उपटा. कोण बघायला येतंय?" खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं.

बाबांनी मला बघायला बोलावलं होतं. आम्ही बाईंच्या आधी पोचलो. बाबांनी कापड काढलं. बरोब्बर मधोमध, जिथे कापायचं होतं तिथेच, दोन पानांचा एक इवलासा कोंब उभा होता. बाहेर जिन्यावर बाईंची पावलं वाजत होती.

"बाबा, उपटा," मी म्हणाले. "पटकन."

बाबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मुळाबरोबर वाळू उचलली जाईल," ते म्हणाले. "थर फुटतील गं. मग एवढे दिवस केलं ते बघायचं कसं?"

त्यांना टाकी जायची भीती नव्हती असं नाही. पण दार उघडलं तसे तेच पुढे झाले. "बाई, एक आलंय."

बाईंनी भिंग घेतलं, वाकून पाहिलं, आणि पत्र्याचं पातळ पातं थेट त्या कोंबाशेजारी वाळूत उतरवलं. बाबा टाकीची कड घट्ट धरून उभे होते. बाईंनी एका बाजूची वाळू अलगद बाजूला घेतली. कोंबाचं मूळ बोटाच्या पेराएवढं. वरच्या वरच संपलं होतं. त्याच्याखाली तळापर्यंत थरच थर, तिरके, सपाट, बारीक, एकावर एक, कुठेही न मोडलेले. बाईंनी टेबलावरचा दगडाचा दंडगोल उचलून त्या थरांशेजारी धरला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण दोन्हीकडच्या रेघा सारख्या होत्या, हे कुणालाही दिसलं असतं.

"पाणी बंद केल्यावर उगवलंय हे," बाई म्हणाल्या. "ह्यानं काही बिघडलेलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी बाबांकडे पाहिलं. ज्या माणसानं रस्त्याकडेचं मरतुकडं रोपही कधी टाकून दिलं नव्हतं, त्यानं तो कोंब चिमटीत धरून काढला, बादलीत टाकला आणि लगेच थरांपाशी नाक नेलं.

"बाई, इथे बघा, नदीनं एका फटक्यात कूस बदलली," ते म्हणाले. "उतार जास्त झाला आपला. पुढच्या वेळी जरा कमी ठेवू या."

पुढची वेळ आहे, असं त्यांना अजून कुणीच सांगितलं नव्हतं. बोलून गेल्यावर ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते एकदम थरांवर वाकले आणि मान वर करेनात.

"ठेवू या की, काका," बाई म्हणाल्या.