चुलीजवळची पिल्लं

त्या श्रावणात घरात आम्ही तिघीच होतो. मी, माझी थोरली जाऊ आणि माझी लेक, जेमतेम रांगायला लागलेली. पुरुष माणसं मुंबईला. जाऊबाईंना मूल नाही. लेक झाल्यापासून तिला तेल लावणं, न्हाऊ घालणं, भरवणं त्यांनीच घेतलं होतं. माझ्याकडे दूध पाजण्यापुरतीच ती यायची.

लेकीला जुलाब सुरू झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "दात येतायत गो, घाबरू नको." मीही तेच धरून बसले. दुसऱ्या दिवशी अंग तापलं, आणि दुपारी लंगोटात आव आणि रक्त दिसलं. सावर्ड्याच्या डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची ती घडी लगेच मोडली नाही. "इथे वेळ घालवू नका, चिपळूणला न्या," ते म्हणाले.

रिक्षात मी चमच्याने साखर-मिठाचं पाणी घालत होते आणि ते ओठांच्या कडेने बाहेर येत होतं. हायवेवर खड्डे, वरून पाऊस. एका मोठ्या दणक्यालाही लेक हलली नाही. जाऊबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "रडत का नाही गो ही?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं ते हेच, की शेवटची लघवी कधी झाली. मला सांगता येईना. लेकीच्या हाताची शीर सापडेना. शेवटी पायाला सलाईन लागलं. रक्त आणि शी तपासायला गेली. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते. तोवर ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि आम्ही दोघी कॉटच्या दोन बाजूंना बसून होतो. 

अहवालात साल्मोनेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्धंकच्चं अंडं, चिकन, असं काही भरवलंत का?"

"नाही हो. श्रावण आहे. घरात अंडं शिजलेलंच नाही."

"कोंबड्या आहेत?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. खुराड्यात पावसाचं पाणी शिरलं म्हणून जाऊबाईंनी कोंबडी आणि तिची पिल्लं स्वयंपाकघरात आणली होती. चुलीच्या उबेला, बांबूच्या डालग्याखाली. जाऊबाईच पिल्लांना कणी घालायच्या, डालग्याखालची घाण काढायच्या, हात पाण्यात बुचकळून पदराला पुसायच्या आणि नाचणीचं सत्त्व लेकीला बोटानेच चाटवायच्या. मी ते रोज पाहत होते.

"आहेत," जाऊबाई स्वतःच म्हणाल्या. "मीच बघते त्यांचं. पण बाई, सगळी ठणठणीत आहेत. एक पिल्लू मेलं नाही."

"कोंबडी आजारी दिसत नाही, तरी तिच्या विष्ठेत हे जंतू असतात. पिसांना, भांड्यांना, जमिनीला लागतात. मोठ्या माणसाला दोन दिवस पोट बिघडून भागतं. एवढ्या लहान मुलाच्या रक्तातही ते जाऊ शकतात. नुसत्या पाण्याने हात धुऊन चालत नाही, साबण लागतो."

लेकीचं पाऊल जाऊबाईंच्या मुठीत होतं. त्यांनी ते हळूच गादीवर ठेवलं आणि त्या बाहेर निघून गेल्या.

इंजेक्शनांनी ताप उतरला. लेक दूध ओढू लागली, रडू लागली. ते रडणं ऐकून मलाही हुंदका आला. जाऊबाई मात्र दारातच उभ्या राहायच्या. डबा आणायच्या, कपडे धुवायच्या, पण लेकीला हात लावायच्या नाहीत.

"ताई, घ्या ना तिला."

"नको. माझ्याच हातांनी गेली असती."

मला रागही होता, खोटं कशाला सांगू. पण मुंबईहून फोनवर नवरा ओरडला, "सगळ्या कोंबड्या विकून टाका, आणि वहिनीला सांग पोरीपासून लांब राहायला," तेव्हा मी म्हटलं, "कोंबड्या लांब जातील. ताई नाही."

घरी आल्यावर आम्ही दोघींनी मिळून गोठ्याच्या मागे, जरा उंचावर नवं खुराडं घातलं. कोंबड्यांची भांडी तिथेच बाहेर धुवायची. तिकडच्या चपला घरात नाहीत. चुलीजवळची जमीन, जिथे लेक रांगते, ती जंतुनाशकाने पुसून काढली. श्रावण संपल्यावर अंडी पुन्हा शिजली ती पिवळं घट्ट होईपर्यंत, आणि कोंबडीच्या मटणाची विळी कोशिंबिरीच्या काकडीला लावणं बंद झालं.

एका सकाळी मी विहिरीवर होते. लेक आत रडायला लागली आणि थांबेचना. धावत आले तर जाऊबाई मोरीत कोपरापर्यंत साबण लावून हात चोळत होत्या, आणि लेक त्यांच्या लुगड्याला धरून उभं राहायला बघत होती.

"थांब गो बाय, थांब," त्या म्हणत होत्या, "अजून फेस आहे."

मी दारातूनच मागे फिरले.