हं, अरे देवा आणि झालं एकदाचं

एखादं काम मुकाट्यानंही करता येतं, ही बातमी माझ्या साडूंपर्यंत कधी पोहोचलीच नाही. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, एवढ्याच पुण्याईवर मी जर्मनीत आल्या आल्या त्यांच्या उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावातल्या घरात चांगला तीन महिने मुक्काम ठोकला होता. दोन हजार तीनची गोष्ट. बायको अजून पुण्यात होती, मला घर मिळत नव्हतं, आणि जर्मनीत घर मिळणं म्हणजे काय ते ज्यानं शोधलंय त्यालाच ठाऊक. पहिल्याच सकाळी जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजानं. "चहा ठेवतोय." मी अंथरुणातूनच म्हटलं, "हो हो, ठेवा ना." मग, "साखर घातली." म्हटलं, "बरं." मग, "उकळी आली." म्हटलं, "वा!" तशी ते कपाळाला आठ्या घालून दारात येऊन उभे राहिले. "अहो मेकॅनिकल, तुम्हाला नाही सांगत." मी मेकॅनिकल इंजिनियर, म्हणून मला ते कायम मेकॅनिकलच म्हणायचे. "मग कोणाला सांगताय?" "कोणालाच नाही. ते पडद्यावर आहे." मी पडद्याकडे बघितलं. खिडकीला होता, निळ्या फुलांचा. मला काहीएक समजलं नाही, आणि पुढचे तीन महिने माझी हीच अवस्था राहिली.

साडू तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. पर्ल नावाच्या एका भाषेत ते लहान लहान प्रोग्रॅम लिहायचे: इकडची माहिती उचल, तिकडच्या फायलीत टाक, असली हमाली करणारे. त्यांचा जगावर विश्वास नव्हता, देवावर जेमतेम होता, पण प्रिंट या आज्ञेवर मात्र ठाम होता. "जो प्रोग्रॅम बोलत नाही तो एक तर झोपलाय, नाही तर लफड्यात आहे," असं ते म्हणायचे. प्रोग्रॅमला म्हणे तीन तोंडं असतात. एक पडद्यावर सांगायचं, आत्ता काय चाललंय ते. दुसरं फायलीत लिहायचं, पुढे कामाला येईल ते. आणि तिसरं नुसतं बोंब मारायचं. हे त्यांनी मला पोळी खाता खाता समजावलं. मी मान डोलावली, कारण पोळी गरम होती.

घरातसुद्धा त्यांनी हीच व्यवस्था लावली होती. पडद्याचं काम तोंडानं चालायचं, फायलीचं काम फ्रीजवर लटकवलेल्या वहीत. एकदा जेवताना मोठ्यांदा म्हणाले, "भाजी छान झालीय." ताई खूश झाली. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. बायको ताई म्हणते म्हणून मीही ताईच म्हणतो. संध्याकाळी ताईनं वही उघडली तर आत तारीख-वार घालून लिहिलेलं: दुपारची भाजी, मीठ कमी. मग तिसरं तोंड ताईनं उघडलं. साडू बिचारे हात जोडून सांगतायत, "अगं, ते तुझ्यासाठी नाही, ते पुढच्या भाजीसाठी आहे!" पण कोण ऐकतंय? गाडीच्या फलाटावर तर मी त्यांच्यापासून चार पावलं लांबच उभा राहायचो. "चढतोय. चढलो. जागा आहे. बसलो." शेजारच्या एका आजीबाईंना वाटलं, आपल्याशीच बोलतायत. त्या रोज न चुकता "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणायच्या. दोघांचं एकमेकांशी वर्षभर उत्तम जमलं होतं.

आता मुख्य गोष्ट. येना शहराच्या बाजूला भिंगं घासणारी एक लहानशी कंपनी होती, तिच्यासाठी साडूंनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. यंत्र एकेक भिंग मोजणार आणि प्रोग्रॅम ती मापं फायलीत उतरवणार. आणि लिहिता लिहिता, स्वतःला कळावं म्हणून, साडूंनी त्यात जागोजागी प्रिंट पेरले होते. कुठल्या भाषेत? तर मराठीत! रोमन अक्षरं, पण अस्सल मराठी. प्रोग्रॅम सुरू झाला की पडद्यावर यायचं, "आलो रे आलो". एक भिंग नीट मोजून झालं की "हं". भिंग वाईट निघालं की "अरे देवा". आणि सगळं संपलं की "झालं एकदाचं". हे सगळं माल देताना काढायचं असतं. साडू विसरले. वर्षभर तो प्रोग्रॅम त्या जर्मन कारखान्यात मराठीत बडबडत होता आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी आबनामंची वेळ आली. आबनामं म्हणजे गिऱ्हाइकानं माल वाजवून बघायचा आणि कागदावर सही द्यायची. त्या सहीवर साडूंचं सगळं अडलं होतं. काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. सही झाली तर ते वाढणार, नाही तर नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला आणि बिऱ्हाड पुण्याला. त्यात ताईला तीन वर्षं जर्मन शिकून, दोन परीक्षा देऊन, नुकतीच गावच्या वाचनालयात नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी ती साडी नेसून गेली होती, थंडीत, वरून जाड कोट घालून. अशा वेळी साडूंच्या नव्या साहेबांनी पडद्यावर "अरे देवा" वाचलं आणि विचारलं, हे काय आहे? साडूंनी खरं ते सांगितलं. साहेब लालबुंद झाले. म्हणाले, गंभीर प्रोग्रॅम बडबड करत नसतो, पडद्यावर एक अक्षर दिसता कामा नये.

साडूंनी सगळं बंद केलं. आबनामंच्या दिवशी मोजमापाच्या खोलीतल्या फ्राऊ हार्टमान यांनी यंत्र चालू केलं. पडदा कोरा. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पडदा कोराच. बाईंना वाटलं, अडकला. त्यांनी सरळ वीज बंद केली. फाइल उघडून बघतात तर आत काही नाही! साठ-सत्तर भिंगं मोजून झाली होती आणि फाइल रिकामी. मी साडूंना विचारलं, "अहो, पण लिहीत होता ना तो?" तर म्हणाले, "आपण मूठभर गहू घेऊन गिरणीत जातो का? डबा भरला की जातो. प्रोग्रॅमचंही तसंच. डबा भरला की फायलीत ओततो. बाईंनी वाटेतच डबा उलथवला." एवढं बोलून ते उठले. साहेबांनी पुढच्या मंगळवारी शेवटची संधी दिली होती.

आणि त्या दिवसापासून साडू बोलायचे थांबले. चहा व्हायचा, पण कधी ठेवला, कधी उकळला, काही पत्ता नाही. वही कोरी. घर इतकं गप्प झालं की मला फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. अकरा वर्षं "अहो, जरा गप्प बसा हो" म्हणून कावलेली ताई रविवारी ओट्याशी उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "भात लावतेय हो. पाणी घातलं. झाकण ठेवलं." आणि त्यांच्याकडे बघत राहिली. साडूंनी नुसतं वर बघितलं. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून भांडी घासायला लागलो.

मंगळवारी मी रजा टाकून त्यांना गाडीनं घेऊन गेलो, कारण गोठलेल्या रस्त्यावर ते गाडी चालवत नसत. तीन तास. मी आपला बोलून बघत होतो, "गिअर टाकला. ट्रक मागे टाकला." एरवी त्यांनी माझ्या चुका काढल्या असत्या. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. एकदाच म्हणाले, "आता एकेक मूठ लगेच ओततोय. कधीही वीज घालवू देत, तोवरचं सगळं फायलीत असेल." मी म्हटलं, "मग काळजी कसली?" तर ते बाहीनं खिडकीची काच पुसायला लागले.

मोजमापाच्या खोलीत साहेब आधीच येऊन बसले होते. फ्राऊ हार्टमान म्हणजे साठीच्या, जाड चष्म्याच्या, हात कमरेवर ठेवूनच जन्मलेल्या बाई. त्यांनी कोरा पडदा बघितला आणि यंत्राला हातच लावीनात. "माझं हं कुठे आहे?" साहेब म्हणाले, बरं, हवं तर आपण जर्मनमध्ये "काम चालू आहे" असं लिहू. बाई म्हणाल्या, "काम चालू आहे असं माझी सगळी यंत्रं म्हणतात, बंद पडली तरी म्हणत राहतात. हा फक्त भिंग झालं की हं म्हणतो. तो अरे देवा म्हणाला की मी ते भिंग बाजूला काढते. वर्षभरात एकदाही खोटं बोललेला नाही. हं नसेल तर सही नाही." साहेब साडूंकडे बघायला लागले, साडू माझ्याकडे, आणि मी, नेहमीप्रमाणे, कोणाकडे बघावं ते न कळून छताकडे.

साडू खुर्चीवर बसले. त्या ओळी त्यांनी पुसल्याच नव्हत्या. प्रत्येकीच्या आधी एक लहानशी खूण घालून नुसत्या गप्प बसवल्या होत्या. एकेक खूण काढत गेले. मग बाईंनी यंत्र चालू केलं. आलो रे आलो. हं. हं. हं. बाई प्रत्येक हं बरोबर मान हलवत होत्या. एकदा अरे देवा आलं. बाईंनी चिमट्यानं ते भिंग उचलून बाजूला ठेवलं. पाऊण तासानं पडद्यावर आलं, झालं एकदाचं. आणि माझ्या शेजारून, चार दिवसांनी पहिल्यांदा, जुन्या सवयीनं, तोंडानं आलं, "झालं एकदाचं." बाईंनी सही केली, आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं अट लिहिली की या चारही ओळी कायम राहतील. परतीच्या तीन तासांत साडू एक क्षण गप्प बसले नाहीत. मी किती वेळा गिअर टाकला ते मला त्यांच्याकडून कळलं.

काँट्रॅक्ट दोन वर्षांसाठी वाढलं. ताईनं दोन वर्षं वाचनालयात मनसोक्त पुस्तकं लावली. मग ती कंपनीच आवरती घेतली गेली आणि ते दोघं पुण्याला गेले. मी तर त्याआधीच त्सुफेनहाउझेनला राहायला आलो होतो, तिथे घर मिळालं होतं, बायको आली होती. फोनवर ताई सांगते, "हल्ली फार बोलत नाहीत रे. नुसते बसून असतात. इथे कोणाला प्रिंट दाखवणार?"

परवा कामासाठी येनाला जाणं झालं, तेव्हा वाट वाकडी करून त्या कारखान्यात डोकावलो. फ्राऊ हार्टमान निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आहे. तिला ही भाषा कुठली ते माहीत नाही, कोणी लिहिलं ते माहीत नाही, पण जाताना बाईंनी तिला बजावून सांगितलंय म्हणे, हं येतंय तोवर हात लावू नकोस. मी उभा राहून पडद्यावरचं हं, हं, अरे देवा वाचत होतो. बाहेर येऊन मी तिथूनच साडूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे काहीच आवाज नाही. फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो, हॅलो, साडूभाऊ?" करत राहिलो. ठेवणारच होतो.

मग आलं, अगदी हळू. "हं."

मी फोन ठेवला नाही.